दचकऱ्यांचं घराणं

मी पडतो. चक्कर येऊन नाही, पाय घसरूनही नाही. मागून कुणी अचानक हाक मारली, शेजारी कुकरची शिट्टी झाली, की अंग लाकडासारखं ताठ होतं आणि मी उभाच्या उभा आडवा होतो. शुद्ध पूर्ण असते. फरशी जवळ येताना दिसते, हात मात्र पुढे येत नाहीत. त्यामुळे माझं कपाळ टाकी लावलेल्या पाट्यासारखं झालेलं आहे.

लालबागच्या चाळीत असा मुलगा म्हणजे फुकटची करमणूक. पोरं मागून कागदी पिशव्या फोडायची. आईने गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारे माझे वडील एवढंच म्हणायचे, "कित्याक घाबरतंस रे? मुंबयत ऱ्हवाचा आसा तर छाती व्हयी."

संपाच्या काळात ते मला एकदा गेटसभेला घेऊन गेले. छाती यावी म्हणून असेल. वक्ते उभे राहिले, माईक कर्कश किंचाळला आणि मी तोंडावर आपटलो. कपाळातून रक्त आलं.

"पोलिसांनी पोराला मारलं!" कुणीतरी ओरडलं.

पोलीस लांब टपरीवर चहा पीत होते. पण मला उचलून थेट स्टेजवर नेलं. "या कोवळ्या रक्ताची शपथ!" वक्ते गरजले. मी सांगायला तोंड उघडलं, "काका, तो माईक..." तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मी पुन्हा ताठ झालो. त्यामुळे टाळ्या दुप्पट झाल्या. कामगार चळवळीला माझा हातभार एवढाच.

संप असा संपलाच नाही, नुसता विरत गेला. वडील मसाल्याच्या डंकावर मिरची कांडायला लागले. माझं लग्न झालं तेव्हा मी परळच्या एका ऑफिसात हिशेब बघत होतो. बघायच्या कार्यक्रमात मला शब्दशः आपल्या पायाशी पडलेला बघूनही जिने होकार दिला, ती माझी बायको. तिला तो विनय वाटला होता.

मग मुलगी झाली. दुपट्यात गुंडाळायला गेलं तर फळीसारखी ताठ. भांडं वाजलं की श्वास अडकायचा, ओठ निळे पडायचे. माझं सगळं हसू तेव्हा आटलं. तिला घेऊन आम्ही परळच्या इस्पितळात धावलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोटाने तिच्या नाकाच्या शेंड्यावर हलकेच टिचकी मारली. मान झटकन मागे गेली. पुन्हा टिचकी, पुन्हा झटका. मग त्यांनी तिचं डोकं आणि पाय पोटाकडे दुमडले आणि अंग सैल पडलं.

"असं झालं की हे करायचं. बाळाचे वडील कोण?"

मी पुढे झालो. टिचकी बसली आणि माझं डोकं मागच्या कपाटावर आपटलं.

बाईंनी समजावून सांगितलं. शरीर दचकलं की त्याला आवरायला ग्लायसिन नावाचं रसायन 'पुरे' असा निरोप नेतं. तो निरोप घ्यायला मज्जापेशींवर दारं असतात. आमच्या दाराची एक फळी वाकडी आहे, कारण ती फळी घडवणाऱ्या जनुकात चूक आहे. पुढे रक्ताच्या तपासणीत त्याचं नावही कळलं, जीएलआरए-वन. लोकांना वारशात आंब्याची कलमं मिळतात.

"हे बहुधा आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं," बाई म्हणाल्या. डबा घेऊन आलेले माझे वडील दाराकडे सरकले.

"आजोबा, जरा इकडे या."

"माका काय्येक झालेला नाय."

टिचकी. वडिलांची मान अशी मागे गेली की टोपी खाली पडली.

बराच वेळ ते टोपी झटकत राहिले. मग म्हणाले, "साच्यांचो आवाज सारखो असायचो, तेचा काय नाय. भोंग्याची मात्र भीती. तो होवच्या आदी मी खाली बसान घेय. लोक म्हणत, कामचुकार."

मला 'घाबरतंस' म्हणत त्यांनी आयुष्य काढलं होतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या गिरणीत रोज एकटाच खाली बसणारा माणूस डोळ्यांपुढे येत राहिला.

औषधाने मुलगी सुधारली. मलाही गोळी मिळाली, पण तिने ऑफिसात पेंग येते, म्हणून मी अधूनमधून टाळायचो. मुलीच्या पहिल्या वाढदिवशीही टाळली होती. फुगे आणायचे नाहीत अशी सक्त ताकीद असताना एका मावशीने आणलाच एक, आणि मी केक घेऊन येत असताना तो फुटला. वडील खाटेवर उताणे झाले. मी केकमध्ये गेलो. मुलगी आईच्या मांडीवर नुसती थोडी दचकली आणि आमच्याकडे बघून खदखदून हसली.

बायकोने आधी सासऱ्यांना उठवलं. मला म्हणाली, "तसेच पडून राहा, आधी वाचलाय तेवढा केक काढून घेते."