मुद्देकाकांचे मथळे

मुद्देकाकांना साधं ‘कसे आहात’ विचारलं, तरी ते आधी ‘तीन गोष्टी आहेत’ असं म्हणत आणि मग एकेक सांगत. तिसऱ्या गोष्टीपर्यंत समोरचा टिकला तर त्याला चहा मिळे. कारंज्यातलं घरचं कापडाचं दुकान धाकट्या भावावर सोपवून काका कॉलेजात शिकवायला गेले होते. निवृत्तीनंतर ते एका पुस्तकाच्या मागे लागले. भाजीपाला पिकवून स्वतःच बाजारात आणणाऱ्या बायकांवरचं पुस्तक. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. पीएचडीच्या प्रबंधात पुरती अडकले आणि त्यांच्याकडे जाऊ लागले.

त्यांच्या लॅपटॉपवर आराखडे मांडायचं एक सॉफ्टवेअर होतं. ओळीखाली ओळ, मथळ्याच्या पोटात मथळा. शेजारचा छोटा त्रिकोण दाबला की पोटातलं सगळं मिटून एकच ओळ उरे. मथळा उचलून दुसरीकडे नेला की त्याचा सगळा कुटुंबकबिला मागोमाग जाई. काका दिवसभर ही बिऱ्हाडं हलवत. सकाळचं पहिलं प्रकरण सूर्यास्ताच्या आत, म्हणजे काकांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत, हमखास पाचवं झालेलं असे. परिच्छेद मात्र एकही नाही. काकू म्हणत, पुस्तक नुसतं घरं बदलून राह्यलं.

मी माझा आराखडा पहिल्यांदा दाखवला, तेव्हा त्यात ‘भाजीबाजार’ असा मथळा होता. काकांनी चष्मा काढला.

“हे तं नुसतं गावाचं नाव सांगतल्यासारखं झालं. त्या गावात काय झालं ते सांग. मथळा वाचून कोनी ‘नाही, असं नाही’ म्हनलं पाह्यजे, मंग तो मुद्दा.”

मी ‘बाजारात भाव बायका ठरवतात’ असं लिहिलं आणि अडकलेला प्रबंध पुढे सरकला. आता मीही माझ्या विद्यार्थ्यांना असंच छळते.

मग काचबिंदूने काकांची नजर जाऊ लागली. गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. अक्षरं इतकी मोठी करावी लागली की पडद्यावर जेमतेम चार ओळी मावत. सबंध आराखडा दिसेना, तरी हलवाहलव काही थांबेना. नजर आहे तोवर पुस्तक होईल की नाही, याची मला फार धास्ती वाटे. त्यांना विचारायचं धाडस मात्र होत नसे.

त्यातच एकदा ‘किरकोळ’ असा एक मिटलेला मथळा त्यांनी रिकामा समजून काढून टाकला. शेजारचा त्रिकोण त्यांना दिसलाच नाही. आसेगाव, धनज, केनवडच्या बायकांशी झालेलं सगळं बोलणं त्याच्या पोटात होतं. कुठल्याच मुद्द्यात बसत नाही म्हणून काकांनीच ते तिथे ठेवलं होतं. माझ्या लक्षात आलं तेव्हा बरेच दिवस उलटले होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्यांना सांगताना मला रडू आवरेना.

“काहून रडून राह्यली?” काका म्हणाले. “आयकलं तं मीच होतं ना. तू फक्त लेहून घे.”

आणि ते डोळे मिटून बोलू लागले. ‘तीन गोष्टी आहेत’ वगैरे काही नाही. मेथीच्या जुड्या बांधता बांधता नवऱ्याची नक्कल करणारी धनजची म्हातारी, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला पाणी पाजून वाटेला लावणारी केनवडची बाई, एकीतून दुसरी निघत गेली. मी टाइप करत राहिले. पुस्तकातली पहिली सलग पानं अशी झाली.

पूर्ण झाल्यावर मी ते प्रकरण त्यांना वाचून दाखवलं. आता हे कुठे न्यायचं ते सांगतील, म्हणून मी तयारीतच बसले होते. काकांनी मात्र विचारलं,

“हे सारं मी बोललो?”

“तुमीच बोलले, काका.”

“मंग राहू दे,” ते म्हणाले. “काहीच हालवू नको.”

उरलेली प्रकरणंही त्यांनी अशीच बोलून सांगितली आणि पुस्तक पुरं झालं. छापायला गेलं तेव्हा काका नव्हते. प्रकाशक चांगला माणूस, मनापासून वाचणारा. त्याने सुचवलं, हे बायकांच्या बोलण्याचं प्रकरण जरा मागे नेलं तर?

मी म्हणाले, ते हलणार नाही.