बरे वाटण्याची अडचण

माणसाला बरे वाटू लागले की ते कुणाला सांगावे, असा प्रश्न सहसा पडत नाही. काकूंना तो त्या हिवाळ्यात रोज सकाळी पडत असे. जाग आली, एक लांब श्वास घेतला आणि छातीत शिट्टी वाजली नाही, की पहिला विचार मनात येई तो हा, की हे काकांना कळता कामा नये. कळले तर ते म्हणणार, "झालं ना बरं? मग चला घरी." आणि छाती भरली आहे असे सांगावे, तर त्यावरही उत्तर तयार होते. "इथे येऊनही बरं नाहीच ना? मग राहून उपयोग काय? चला घरी." तेव्हा "कसं वाटतंय?" या प्रश्नावर काकूंनी एकच उत्तर बेतून ठेवले होते. "आहे," एवढेच त्या म्हणत आणि चहाचे भांडे गॅसवर चढवत.

घर म्हणजे वरच्या डोंगराळ भागातले त्यांचे गाव. तिथे हिवाळ्यात नळ गोठतात आणि गोठलेला नळ रात्रीतून फुटतो. काका त्या गावच्या पाणीखात्यात होते. गावभर त्यांना 'नळवाले' म्हणत, आणि त्यामुळे काकूही 'नळवाल्या काकू' झाल्या होत्या. लग्नाआधी त्यांना काय म्हणत, हे विचारण्याची गरज त्या गावात कुणाला वाटली नव्हती. थंडीचे चार महिने काका अंधारात घराबाहेर पडत आणि अंधारात परतत. पाने, पक्कड आणि गरम पाण्याची किटली घेऊन ते गल्लोगल्ली फिरत. या व्यवस्थेचा एक परिणाम कुणी कधी लक्षात घेतला नाही. संसाराच्या सगळ्या वर्षांत हिवाळा हाच असा काळ होता, की ज्यात घर काकूंचे एकटीचे असे. दम लागे, खोकला जीव काढी, हे खरे. पण दोन उबळींच्या मध्ये जी शांतता असे, तिच्यात 'भांड्यावर झाकण का नाही' असे विचारणारे कुणी नसे.

पुढे काका निवृत्त झाले. त्याच सुमारास डॉक्टरांनी सांगितले, "यांना हिवाळ्यात खाली, उबदार हवेत न्या. तीन महिने तरी." त्यांनी हे काकांकडे पाहून सांगितले. ज्यांच्या छातीबद्दल बोलणे चालले होते, त्या काकू दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

खोली मिळाली ती एका विधवा बाईच्या घरात, वरच्या मजल्यावर. एका कोपऱ्यात ओटा, दुसऱ्या कोपऱ्यात पलंग, आणि दोन्हींच्या मधून जाताना एकाला थांबावे लागे. घरमालकिणीची एक अट होती. "नवरा-बायकोलाच देते मी. एकट्या माणसाला नाही, आणि एकट्या बाईला तर मुळीच नाही." ती स्वतः खाली एकटीच राहत होती; त्यात काही विसंगत आहे असे तिला वाटत नव्हते.

उबदार हवेचे काही त्रास असतात, हे डॉक्टर सांगत नाहीत. दूध दुपारपर्यंत नासे. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला, तर मुंग्या भिंतीवरून येत. पंखा एक तर वादळासारखा फिरे नाही तर फिरतच नसे. डास इतके आगाऊ, की पडदा ओढताच आत येऊन बसलेले असत. हे सारे काकूंनी पत्करले असते. पण या खोलीत काका होते, आणि दिवसभर होते.

आयुष्यभर हिवाळ्यात बाहेर राहिलेल्या माणसाला भर हिवाळ्यात एका खोलीत बसवले, की त्याची सगळी दक्षता जवळच्या माणसावर येऊन पडते. काका काकूंच्या मागे उभे राहत.

"गॅस मोठा आहे."

"असू दे."

"भात लागेल."

"लागला तर मी खाईन."

"पाणी वाया जातंय बघ. बादली भरली."

"मला दिसते हो बादली. डोळे छातीत नाहीत माझे."

कपडे वाळत घालून त्या वळाव्यात, तर काका ते काढून पुन्हा सरळ करून घालीत. पेपर आणायला म्हणून बाहेर पडत आणि काकूंनी पाय पसरावेत तोवर परतही येत. पहिल्या आठवड्यात त्यांनी इमारतीतल्या बिऱ्हाडांचे गळके नळ विचारून विचारून दुरुस्त केले. लोकांनी कौतुक केले. नळ संपल्यावर त्यांनी न गळणारे नळही खोलून पाहायला सुरुवात केली, तेव्हा लोक आतून कडी लावू लागले. घरमालकीण जिन्यातून ओरडली, "काकू, तुमच्या मालकांना आवरा! माझ्या संडासाची टाकी रात्रभर गुणगुणतेय!"

"मी काय आवरू?" काकू म्हणाल्या. "सरकारनं आवरलं होतं, ते आता सोडून दिलंय."

आणि त्या वर्षी थंडीनेच दगा दिला. काका रोज सकाळी धाकट्या भावाला फोन करीत आणि ऐकलेले जसेच्या तसे ओट्याजवळ आणून सांगत. "अगं, तिकडे लख्ख ऊन पडलंय! लोक अंगणात बसलेत! स्वेटरसुद्धा नाही कुणाच्या अंगात!" हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या अंगात मात्र स्वेटर असे, घाम पुसत पुसत घातलेला. हिवाळा आहे तर स्वेटर हवा, हा त्यांचा दंडक होता. गावात थंडी नाही, या बातमीने त्यांना आनंद होई आणि थोडी जखमही होई, असे काकूंच्या लक्षात आले होते. नळ फुटत नव्हते. म्हणजे खात्यातल्या नव्या पोरांचे नळवाल्यांवाचून काही अडत नव्हते.

एका सकाळी काका आंघोळीला गेले असताना फोन वाजला. फोन दोघांत मिळून एकच होता आणि तो काकांचा होता. काकूंनी उचलला. धाकटी जाऊ बोलत होती.

"ताई, गाद्या उन्हात टाकल्यात हं. परवा जेवायलाच पोचाल ना?"

"कोण पोचणार?"

"तुम्हीच. मोठ्या भावोजींनी तिकिटं काढलीसुद्धा, हे सांगत होते. तुम्हाला बरं वाटतंय म्हणे आता." जाऊ थांबली. "ताई? माहीत नव्हतं का तुम्हाला?"

"माहीत होतं गं," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काका टॉवेल गुंडाळून बाहेर आले, ते थेट त्यांच्या पुढ्यात.

"परवाची तिकिटं काढलीत?"

"सांगणारच होतो तुला."

"कधी? गाडी सुटल्यावर?"

"अगं, उगाच चिडू नकोस. तिकडे थंडी नाही. मग आपण इथे डास कशाला पोसायचे?"

"डॉक्टर तीन महिने म्हणाले होते."

"ते थंडीबद्दल म्हणाले होते. थंडी आहे कुठे?"

"आणि थंडी नाही, तर तुम्ही तिकडे जाऊन करणार काय?" काकूंनी विचारले. "एक नळ फुटत नाहीये."

हे बोलायला नको होते. काकांनी टॉवेलाची गाठ पुन्हा मारली, जी सुटलेली नव्हती.

"इथे तरी काय करतोय?" ते हळू म्हणाले. "तुझ्या मुंग्या मोजतोय."

"तेच म्हणते मी. तुम्ही जा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही जा. मी राहते."

"एकटी?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? इथले मला ओळखत नाहीत आणि तिकडचे मला बघायला येणार नाहीत."

"तुला जमेल का माझ्याशिवाय?"

"बादली भरली की नळ बंद करता येतो मला."

या संवादात दुष्टपणा कुणाचाच नव्हता, आणि म्हणूनच तो नीट पाहण्यासारखा आहे. काका क्रूर नव्हते. बायकोच्या छातीसाठी त्यांनी आपला हिवाळा सोडला होता. पण जे सोडले त्याचा हिशेब ते तिच्याच श्वासातून वसूल करू पाहत होते. काकूही कृतघ्न नव्हत्या. आपल्या समाजात आजारी बाईला औषध मिळते, पथ्य मिळते, ऐपत असली तर हवाही बदलून मिळते. एकांत मात्र कुठल्याच डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही. तो मागायचा, तर कुणावर तरी राग धरल्याशिवाय मागता येत नाही, आणि मग माणसे त्या रागाचीच चर्चा करतात.

काकांनी वाद घातला नाही. "घरमालकिणीला विचारू," ते म्हणाले. तिची अट त्यांना चांगली आठवत होती. आपल्याला द्यायचा नकार दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतला, की आपण चांगलेच राहतो, हे त्यांनी कचेरीत शिकून घेतले असावे. दोघे जिना उतरून खाली गेले.

घरमालकीण भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतले आणि मान हलवली.

"नाही जमायचं. आधीच सांगितलं होतं मी."

काकांनी काकूंकडे पाहिले. बघ, असे त्या पाहण्यात होते. तेवढ्यावर घरमालकीण थांबली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ती थांबली नाही.

"उद्या शेजारपाजारचे विचारणार मला. बाई एकटी का? नवरा सोडून गेला का? भांडणं आहेत का?"

"सोडून गेला म्हणजे?" काका म्हणाले.

"मी नाही म्हणत हो. लोक म्हणतात."

"मी काय पळून जातोय की काय?"

"मला माहीत आहे. पण लोकांना काय दिसतं? पुरुष पिशवी घेऊन गेला, बाई मागे राहिली."

"लोकांना सांगा," काकांचा आवाज चढला, "की नवरा जिवंत आहे, ठणठणीत आहे, त्याला इथलं दूध मानवत नाही म्हणून गावी गेलाय, आणि रोज फोन करणार आहे!"

"रोज?"

"रोज!"

"कुणाच्या फोनवर? काकूंकडे तर नाही."

"तुमच्या! तुम्ही स्वतः ऐका, म्हणजे खात्री पटेल लोकांची!"

घरमालकिणीने भाजीची जुडी बाजूला ठेवली. थोडा विचार केला. "रोज फोन येणार असेल तर एकटी म्हणता यायची नाही," ती म्हणाली. "मग राहू दे."

काकू दाराशी उभ्या होत्या. आपणच काकूंना काय मिळवून दिले, हे काकांना जिना चढताना अर्ध्यावर समजले. ते तिथेच थांबले, आणि अरुंद जिन्यात त्यांच्या मागे काकूंनाही थांबावे लागले.

तिकिटाच्या दिवशी काका गेले. जाताना तीनदा सांगून गेले, की गॅसचा कॉक रात्री बंद करायचा.

एकटेपण लाभल्यावर माणूस लगेच मोकळा होतो, असे नाही. पहिल्या दिवशी काकूंनी भाताखालचा गॅस चार वेळा बारीक केला, आणि मग स्वतःवर वैतागून पूर्ण मोठा करून ठेवला. भात लागला. तो त्यांनी खाल्ला. संध्याकाळी घरमालकीण फोन घेऊन धापा टाकत वर आली. "धरा, तुमचे मालक."

"बादली भरली होती का?"

"भरली होती."

"छाती?"

"आहे," काकू म्हणाल्या. इतक्या लांबूनही त्यांना खरे सांगण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन सकाळीही आला. तिसऱ्या दिवशी दुपारीही. दूध तापवलं का? खिडकी लावलीस का? जावेनं केलेली भाजी खारट होती. पाणीखात्यातला एक पोरगा भेटला, ओळखच दिली नाही. घरमालकीण दर वेळी पुढ्यात बसून सगळे ऐके, कारण लोकांची खात्री पटवण्याची जबाबदारी तिच्यावर होती. फोन संपला की दोघींच्या मनात एकच वैताग असे, पण कारणे वेगळी असत.

"काकू, माझे गुडघे गेले हो," ती अखेर म्हणाली. "नवरा गेल्यापासून मी कुणाला दिवसातून इतक्या वेळा उत्तरं दिली नव्हती. आणि हा तर माझाही नाही."

पुढच्या दुपारी ती वाजणारा फोन हातात घेऊन दाराशी आली, तेव्हा काकू पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. उशीला टेकून, काहीच न करता. त्यांनी हात पुढे केला नाही.

"सांगा त्यांना, मी बाहेर गेलेय."

"आँ?"

"बाहेर गेलेय म्हणा."

घरमालकिणीने समोर बसलेल्या काकूंकडे पाहिले. मग वाजणाऱ्या फोनकडे. मग तिने तो कानाला लावला. "हां, नमस्कार. नाही हो, त्या बाहेर गेल्यात... कुठे ते नाही सांगितलं... हो, बऱ्याच आहेत की. चांगल्या दिसतात." तिने फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेला धपकन बसली.

"हे खोटं पुन्हा मला बोलायला लावू नका," घरमालकीण म्हणाली.

"नाही लावणार. उद्या मी खरंच जाईन."

"कुठे?"

"ते नाही ठरवलं."

दुसऱ्या दिवशी, फोन यायच्या सुमाराला, काकू चपला घालून रस्त्यावर उभ्या होत्या. ऊन तापले होते. कोपऱ्यावरच्या बागेत बसावे, तर तिथे थंडी चुकवायला आलेली सगळी म्हातारी मंडळी एकमेकांची प्रकृती विचारत बसलेली असत. दुकानात शिरावे, तर काही घ्यायचे नव्हते. एवढ्या मोठ्या गावात एका बाईला नुसते असण्यासाठी जागा नाही, या विचाराने त्यांना मनापासून संताप आला, आणि त्या संतापातच त्या उजवीकडे वळून चालू लागल्या.