मावशींची माळ आणि रविवारची मिस्सा

देवाला इतक्या हक्काने कामाला लावणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. लीड्समध्ये ज्यांच्या घरातल्या वरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्याने राहिलो, त्या घरमालकीण मावशी मूळच्या वसईच्या, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी संतांना खाती वाटून दिली होती. हरवलेल्या वस्तू संत अंथोनीकडे. चष्मा सापडेपर्यंत त्या बिचाऱ्याची मूर्ती भिंतीकडे तोंड करून उभी. बॉयलर बंद पडला की इंजिनिअरला फोन लावायचा आणि तिकडे होल्डवर संगीत वाजेल तेवढ्यात संत जोसेफला गाठायचं. "बघू, आधी कोण येतो ते," म्हणायच्या. रोझरीची माळ हातातून सुटतच नसे. भाताला किती वेळ लागेल विचारलं की उत्तर यायचं, "दोन दशकं." माळेतल्या दहा मण्यांना त्या दशक म्हणतात हे कळेपर्यंत मी बाहेरच जेवत होतो.

चर्चमध्ये मिस्सा चालू असतानाही त्यांची माळ चालू राही, तीही मराठीत आणि चांगल्या खणखणीत आवाजात. नवे फादर केरळचे, वयाने मावशींच्या निम्मे. त्यांनी एका रविवारी मावशींना बाजूला घेतलं. पुढचं मावशींनीच घरी येऊन दोन्ही आवाज काढून सांगितलं.

"आंटी, रोझरी चांगलीच. पण मिस्सा ही सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना."

"सगळ्यांच्या गलक्यात माझं कोण ऐकणार, फादर? म्हणून मी घरचा डबा आणते."

"जरूर आणा. पण पंगत बसल्यावर डबा उघडू नये."

मावशी रुसल्या. जन्मात रविवारची मिस्सा न चुकवलेल्या बाई लागोपाठ दोन रविवार घरी बसल्या. तिसऱ्या रविवारी मी चहाला खाली उतरलो, तर त्या कोट घालून स्वयंपाकघरात खुर्चीवर.

"काय झालं, मावशी?"

"दोन माळा झाल्या रे. अर्धं मीच म्हणते, उरलेलं अर्धं दुसऱ्यांनी म्हणायचं, तेही मीच. आमेन म्हणायलासुद्धा कोणी नाही."

"मी म्हणू का?"

"तू? मनात नसताना म्हटलेलं देवाला लगेच कळतं. गाडी काढ."

चर्चमध्ये मी त्यांच्या शेजारीच बसलो. माळ त्यांनी पर्समध्ये टाकून चेन लावली होती. अंगठा मात्र तासभर बोटाच्या पेरांवरून फिरत होता. ओठ मिटलेले, आणि सगळे आमेन म्हणाले की त्यांचं आमेन सगळ्यांच्या वर.

पुढे मला केंब्रिजला नोकरी लागली. निघण्याआधीच्या रविवारी त्या म्हणाल्या, "आज चल माझ्याबरोबर." कारण सांगितलं नाही. ज्यांच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करायची त्या यादीत फादरनी माझं नाव वाचलं, पार मोडूनतोडून, आणि ओळख ना पाळख अशा त्या साऱ्या माणसांनी माझ्यासाठी एका सुरात 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक' असं उत्तर दिलं.

"माझ्या माळेत तू रोज असतोस," मावशी पुटपुटल्या, "पण ते मी एकटी. म्हटलं, एकदा सगळ्यांनी तुझं नाव घ्यावं."

देव मानतो की नाही, हे माझं मलाच नीट ठाऊक नाही. मी खाली वाकून बुटाची लेस बांधत राहिलो. ती सुटलेली नव्हती.