मिस्ड कॉलची साखळी

किस्से मी गोळा करत नाही. तेच पायपुसणं सोडून थेट आत येऊन बसतात. मुलगा म्हणाला, "पप्पा, तीन महिने या, आयर्लंड बघून जा." फेब्रुवारी २०२० मध्ये एक बॅग घेऊन मुलाच्या गावी, नावनला उतरलो आणि पुढच्याच महिन्यात जगाला कुलूप! वीस महिने राहिलो. आयर्लंड पाहिलं ते बहुतेक खिडकीतून. परत येताना बॅग तेवढीच होती, किस्से मात्र पोतंभर. त्यातले मूठभर सांगतो.

*

आधी माझी लायकी ऐका. सातवी नापास. नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या शाळेत सदतीस वर्षं घंटा वाजवली. हेडमास्तरांना डुलकी लागली की घंटा पाच मिनिटं आधी द्यायची, एवढीच माझी समाजसेवा.

तर तिथं आम्ही मराठी ख्रिस्ती मोजकेच. चर्चं बंद झाली तेव्हा किलकेनीच्या शालिनीताईंनी प्रार्थनेची साखळी काढली. ताईंचा आवाज असा, की माइकनं राजीनामा द्यावा. दर शुक्रवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, एकेकानं एकेक तास घरी बसून आजाऱ्यांसाठी, एकट्या पडलेल्यांसाठी प्रार्थना करायची. तास संपला की पुढच्याला मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग, आणि कट!

तिथं फोन फुकट आहे हो! पण आपल्या माणसाला रिंग देऊन कापल्याशिवाय आमेन झाल्यासारखं वाटत नाही.

माझा तास चारचा. तीनचा तास विवेकचा. विवेक पुण्याचा, तिथं वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर, नावनमध्येच फ्लॅट घेऊन एकटा राहायचा. चारला तो रिंग द्यायचा, आणि मी ती अर्ध्यातच उचलून ओरडायचो, "सापडला!"

ताईंकडे तक्रार गेली. "साळवेकाका, प्रार्थनेत विघ्न आणणारा एकच असतो. मी त्याचं नाव घेत नाही."

"घ्या की ताई! सकाळी सहाचा तास रिकामाच आहे, त्याला देऊ!"

विवेक मात्र पुढं पुढं कापायचाच नाही. मी उचलेपर्यंत थांबायचा. एकट्या माणसाला खोडीसुद्धा सोबत वाटते, हे मला तेव्हा कळलं नाही.

*

दुपारी बाराचा तास चेरीवूडच्या सुशीलाबाईंचा. वय ऐंशीच्या वर. त्यांचा मुलगा कॉम्प्युटरवाला, देवाचं नाव काढलं की खोलीबाहेर जाणारा. ऑक्टोबरात सुशीलाबाई झोपेतच गेल्या. दफनाला दहा माणसं, तीही लांब लांब उभी.

पुढचा शुक्रवार. एकचा तास शालिनीताईंचा. बरोबर एकला ताईंच्या फोनवर रिंग, एक, आणि कट. नाव आलं, 'सुशीलाबाई'.

ताईंनी मला फोन केला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा येत होता. "काका, खरं सांगा. तुमचं काम आहे ना हे?"

"ताई, मेलेल्या माणसाचा फोन मी कुठून आणू?"

त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा रिंग! या वेळी ताईंनी धीर करून उचललाच. पलीकडे मुलगा. ओशाळून म्हणाला, "बारा ते एक आईच्या खुर्चीत बसतो. प्रार्थना येत नाही मला. पण तास रिकामा कसा ठेवायचा?"

भुताचा उलगडा झाला म्हणून आम्ही हसलो. ताई तेवढ्या हसल्या नाहीत.

*

जानेवारी २०२१. पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी. मी रोज दुपारी गावाबाहेरच्या जुन्या कबरस्तानातून फिरून यायचो. एके दिवशी धुकं असं, की कोटाचं शेवटचं बटण दिसेना. आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नाही, म्हणून मी मोठ्यानं प्रार्थना करायचो. खरं सांगायचं तर सुनेच्या फिक्क्या रश्शाची तक्रार करायचो.

प्रार्थना संपली. आणि समोरच्या दगडामागून आवाज आला, "आमेन!"

टोपी पडली माझी! पाय तिथंच राहिले, बाकीचा मी घरी पोचलो होतो.

दगडामागून एक आयरिश म्हातारा उठला. हातात थर्मास. "ग्रँड प्रार्थना केलीस," म्हणाला. काय कळलं विचारलं, तर काहीच नाही! मग त्यानं दगडाकडं बोट केलं. मुलगा होता त्याचा. एकोणतिसाव्या वर्षी आपल्या हातानं गेलेला. म्हाताऱ्याचं इंग्रजी चावून चावून येत होतं, पण एवढं मला नीट कळलं. "दिसत सगळ्यांना होतं. विचारलं कुणीच नाही."

त्यानं चहाचा कप भिंतीवर ठेवला आणि दोन मीटर मागं सरकला. मी चहा प्यालो. त्याच्या मुलासाठी मराठीत दोन शब्द बोललो. या वेळी त्याचं आमेन हळू आलं.

*

एप्रिलमध्ये पुण्याला विवेकचे वडील कोविडनं गेले. आई आधीच गेलेली. विमानं मिळेनात. त्यानं बापाची माती फोनवर पाहिली, तीही मधेच अडकली.

त्यानंतर रविवारच्या झूम उपासनेत त्याच्या चौकोनात चेहरा दिसेना. काळा चौकोन आणि खाली नाव. उपासना संपली की सगळे टाटा करून जायचे. एका रविवारी मला बटण सापडेना म्हणून मी मागं राहिलो. पडद्यावर मी, आणि तो काळा चौकोन.

"विवेक, अरे संपली मीटिंग! दानपेटीसुद्धा फिरून गेली!"

काही नाही. मला वाटलं, गेला असेल उठून. पाचेक मिनिटांनी चौकोनातून आवाज आला, "अजून आहात ना काका?"

"आहे की."

"बरं," म्हणाला, आणि चौकोन गेला.

*

मेमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी तो दारात आला. हातात कुकर. आईनं पुण्याहून येताना दिलेला, घासून लख्ख केलेला. "काका, तुम्हाला."

"आणि तू काय, कच्चं खाणार?"

"मला लागत नाही आता."

"शिटी तरी दिलीस का, की तिच्यासाठी वेगळा अर्ज करू?"

हसला. खूप शांत हसला. एस्तेरनं, माझ्या सुनेनं, कुकर प्रेसमध्ये ठेवायला घेतला. तिथं कपाटाला प्रेस म्हणतात. जागा नव्हती, तो ओट्यावरच राहिला. मीही खोडी काढून मोकळा झालो आणि सुखानं झोपलो. लाज वाटते सांगायला.

*

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तीन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. नाव विवेकचं. सवयीनं अर्ध्या रिंगमध्ये उचलला.

"सापडला!"

पलीकडे नुसता श्वास.

"अरे, चाळीस मिनिटं बाकी आहेत तुझी! आधी घंटा द्यायचा हक्क फक्त माझा!"

आणि माझी नजर ओट्यावरच्या कुकरवर गेली.

माझा धाकटा भाऊ योहान. वीस वर्षांचा होता. एका संध्याकाळी त्यानं त्याचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. मी म्हणालो, "काय रे, वेळ संपली काय तुझी?" तोही असाच शांत हसला होता. सकाळी योहान नव्हता. ते वाक्य पन्नास वर्षं माझ्या तोंडात आहे. थुंकता येत नाही, गिळता येत नाही.

मी विचारलं, "विवेक, जीव द्यायचं डोक्यात आहे का तुझ्या?"

फ्रिजची घरघर ऐकू येत होती. माझ्या की त्याच्या, कळेना.

"हो काका."

"आज?"

"हो."

तोच म्हणाला, "प्रार्थना होत नाही माझ्याच्यानं. ऐकायला कुणी आहे असंच वाटत नाही."

"मग तू नको करूस. आज तुझा तास मी धरतो. तू नुसता फोन धर."

एस्तेर तिथल्या दवाखान्यात नर्स. नुकतीच ड्यूटीवरून आलेली, अंगात युनिफॉर्म. मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं, 'विवेक. आत्ता जा.' तिनं कुकरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि गाडीची चावी उचलली.

मी बोलत राहिलो. घंटेच्या खोड्या, हेडमास्तरांची डुलकी, योहानचं घड्याळ, सगळं सांगितलं. मधेच त्याच्या नाकातून फुस्स झालं. हसू नव्हतं ते, पण मला तेवढं पुरे होतं.

"काका, दारात कुणीतरी आहे."

"एस्तेर आहे. उघड. फोन ठेवू नकोस."

दार उघडल्याचा आवाज आला. मग एस्तेरचा, "जेवलास का रे?" मग एक पुरुष मोठ्यानं रडायला लागला. तेव्हा मी फोन ठेवला. चार वाजून एक मिनिट झालं होतं. माझा तास सुरू झाला होता.

*

एस्तेर त्याला त्याच संध्याकाळी डॉक्टरकडं घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलायला एक बाई मिळाल्या. एकट्या राहणाऱ्याला कुठल्या तरी एका घरात जाऊन-येऊन राहायची, त्यांच्या भाषेत 'बबल' करायची मुभा होती, म्हणून दोन महिने तो आमच्या मागच्या खोलीत झोपला. शालिनीताईंनी उपदेशाचा एक शब्द काढला नाही. यादीत तीनच्या तासापुढं त्याचं नाव तसंच ठेवलं आणि आळीपाळीनं आम्ही तो तास धरला. ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी चारला माझ्या फोनवर रिंग आली. एक, आणि कट. त्या दिवशी मी मुद्दाम उचलला नाही.

*

ऑक्टोबरात माझं परतीचं तिकीट झालं. विवेक जेवायला आला. गॅसवर त्याचाच कुकर. तो म्हणाला, "काका, एक विचारायचं राहिलंय. तुमचा तास चारचा. त्या दिवशी तीन वीसला फोन कसा केलात?"

"मी? फोन तू केलास!"

"काका, निदान ह्यात तरी चेष्टा नको."

"पप्पा!" एस्तेर डोळे वटारून म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि विश्वास कुणाचाच नाही! मी माझा फोन काढला. मला फोन करतं कोण, खाली सरकवलं की सापडलं. विवेकनं मेमधल्या त्याच संध्याकाळी स्क्रीनचा फोटो काढून ठेवलेला, तो उघडला. एस्तेरनं दोन्ही फोन शेजारी ठेवले, चष्मा लावला आणि पेशंटचा चार्ट वाचावा तसं वाचलं.

माझ्या फोनवर विवेक. आलेला कॉल. तीन वीस. एक्केचाळीस मिनिटं.

त्याच्या फोनवर मी. आलेला कॉल. तीन वीस. एक्केचाळीस मिनिटं.

तिनं पुन्हा वाचलं.

"मी तर फक्त उचलला," विवेक म्हणाला.

"मीपण," मी म्हणालो.

कुकरची शिटी झाली. कितवी, ते तिघांपैकी कुणीच मोजलं नव्हतं.