लख्ख निघालेले राणीछाप रुपये

नोकरीत चोऱ्या पुष्कळ पाहिल्या, पण चोरी झालीच नव्हती अशी ती एक घटना आजही मनातून जात नाही.

मी तेव्हा चिंचवडच्या एका पोलीस ठाण्यात होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तावातावाने आत आले. मागे त्यांच्याकडे धुणंभांडी करणारी बाई. सोसायटीच्या फाटकातून, सगळ्यांदेखत ते तिला घेऊन आले होते.

"साहेब, वडिलांचे राणीछाप रुपये हिनं बदलले. माझे काळपट होते. हे बघा, नवेकोरे!"

जुनी नाणी घेणारा एक जाणकार दिवाळीआधी ते रुपये पसंत करून गेला होता. त्या सकाळी तो पुन्हा आला आणि रुपयांची डबी उघडताच नुसतं नको म्हणून निघून गेला. गृहस्थांनी लगेच चोर ठरवला. अशा वेळी संशय घरातल्या सर्वांत गरीब माणसावरच का जातो, याची मला चीड आहे.

बाई दिघीची होती. "मी डबीला हातबी लावला न्हाई, साहेब. गुन्हा लिवला तर सोसायटीतली समदी कामं जातील माझी."

गुन्हा दाखल करण्याआधी मी त्या जाणकाराला बोलावून घेतलं. त्याने मोबाइलमधल्या आधीच्या फोटोंशी नाणी भिंगाखाली ताडून पाहिली.

"नाणी तीच आहेत. ही काठावरची खोच बघा. पण कुणीतरी घासलीत. इतक्या वर्षांत चांदीवर धरलेली काळी साय गेली, ओरखडे उठले. संग्रह करणारा आता यांना हात लावणार नाही. नाण्यांचा दर्जा ठरवणारे 'साफ केलेलं' असा शेरा मारतात. तो कायमचा."

अक्षरांच्या खाचांत पांढरी पूड अडकली होती. मी बाईला विचारलं, "भांडी कशानं घासता?"

"साबण आन् घासणी. चिंच-रांगोळी वहिनींची. देवाची भांडी त्या मला देत न्हाईत."

वहिनी म्हणजे गृहस्थांच्या पत्नी. त्या भाऊबीजेला राजगुरुनगरला माहेरी गेल्या होत्या. तिथं त्रास नको म्हणून त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं. मी गृहस्थांना फोन लावायला सांगितला, स्पीकरवर.

"व्हय, मीच घासली की! माणूस परत बघायला येणार, तर तशीच काळी पुढं करायची? पोरगी दाखवताना पावडर लावतोच की आपण. लख्ख निघाली न्हाई का?"

ठाणे अंमलदाराने तोंड फिरवून हसू दाबलं. बाईला मात्र रडू फुटलं.

गृहस्थ अर्ज मागे घेऊन निघाले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. "बाईंना जिथून आणलंत, तिथं जाऊन सांगा. सगळ्यांदेखत." माणूस वाईट नव्हता. ती काम करत असलेल्या प्रत्येक दारात उभं राहून तो म्हणाला, "चूक माझी होती."

पुढे हाताखालच्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो, आधी वस्तू नीट बघा, मग माणसाला ठाण्यात आणा. ते का, हे मला नंतर जास्त कळलं. काही दिवसांनी बाई रस्त्यात भेटली. मी विचारलं, कामं टिकली ना?

"टिकली, साहेब. पण आता मी फरशी पुसाया लागले की घरोघरी कपाटाला कुलूप लावत्यात."