भडक्याला परवानगी नाही

माणसाला राग येतो आणि जातो. भडक्याचा राग जाताना कुणाचा तरी दात घेऊन जायचा. पत्र्याच्या त्या वर्कशॉपमध्ये त्याला समोर सगळे 'दादा' म्हणायचे आणि पाठ फिरली की 'भडका'. एकदा ड्रिल अडकलं, तर त्याने अख्खं मशीन लाथेने पाडलं आणि स्वतःच्या पायाचा अंगठा मोडून घेतला. एका गिऱ्हाइकाने 'पत्रा वाकडा कापलाय' म्हटलं, तर तोच पत्रा घेऊन त्याला फाटकापर्यंत पिटाळलं. वाकडाच होता हो पत्रा! पण सांगणार कोण?

त्याचा बाप याच शेडमध्ये जळून मेला होता. रात्री विजेची लाइन चालू राहिली, वायर तापली, आणि आत झोपलेला बाप बाहेर आलाच नाही. भडका तेव्हा विशीतला, धाकटा भाऊ शाळेत. भडक्याने बापाचा हातोडा उचलला, शेड पुन्हा उभी केली, धाकट्याला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. हे सगळं खरं आहे आणि ते त्याच्या पदरात घालायलाच हवं. आणि तेव्हापासून रोज काम संपलं की दाराजवळच्या बोर्डाचा मेन स्विच तो स्वतः खाली ओढायचा. वर्कशॉपमध्ये कुठेही नावालाही करंट राहता कामा नये. एकदा तो तापाने घरी पडला असताना वेल्डर स्विच पाडायला विसरला. दुसऱ्या दिवशी भडक्याने त्याची मान धरून तोंड बोर्डावर घासलं होतं.

पुढे धाकट्याच्या हट्टाने पत्रा कापायचं नवं मशीन आलं. त्याला कॉम्प्युटर जोडलेला. त्यात आकार काढायचा, बटण दाबायचं, की मशीन सरसर पत्रा कापत सुटायचं. भडक्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही याचाही राग होताच. सगळं धाकट्याच्या हातात.

त्या कॉम्प्युटरला एक खोड लागली होती. सकाळी चालू केला की कोपऱ्यातली तारीख कैक वर्षं मागे गेलेली असायची. धाकटा पहिल्यांदा ती नीट करायचा आणि मगच कामाला लागायचा. असं का होतं, या भानगडीत तो पडला नाही. आणि दादाला सांगायची तर सोयच नव्हती. नव्या मशीनमध्ये खोट आहे एवढं कानावर पडलं असतं, तरी दादाने कॉम्प्युटर उचलून रस्त्यावर आपटला असता. म्हणून गप्प. त्या घरात अर्धी कामं अशी गुपचूपच व्हायची.

त्यात धाकट्याची बायको पोटुशी होती. एकदा जेवताना धाकटा म्हणाला, "दादा, आम्ही वेगळी खोली बघतोय." भडक्याने ताट भिंतीवर भिरकावलं. आई खरकटं गोळा करत बसली. तेव्हापासून भडक्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: हा वेगळा होणार, म्हणजे मशीनही घेऊन जाणार.

आणि मग तो दिवस उजाडला. धाकटा बायकोला घेऊन दवाखान्यात गेला होता. काम तुंबलेलं. भडक्याने स्वतःच कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर आलं, की नवं अपडेट आहे, ते झाल्याशिवाय मशीन चालणार नाही. त्याने 'हो' दाबलं. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला आली आणि धाडकन लाल झाली.

'अपडेट अयशस्वी. हा बदल करण्याची तुम्हाला परवानगी नाही. ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.' आणि खाली धाकट्याचं नाव.

भडक्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मशीनच्या कंपनीला फोन लावला, तर तिथली बाई मधाळ आवाजात म्हणाली, "सर, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे ज्यांच्याकडे सगळे हक्क आहेत ते. त्यांनाच बोलवा ना."

झालं! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या वर्कशॉपमध्ये मला परवानगी नाही? बापाच्या राखेवर उभी केलेली शेड, आणि सगळे हक्क याच्याकडे? फोन भिंतीवर फुटला.

धाकटा दुपारी दारातून आत येतो न येतो, तोच भडक्याने त्याची गचांडी धरली आणि फरफटत कॉम्प्युटरपुढे नेलं. "उघड! काय कुलूप घातलंयस ते उघड!"

"दादा, कसलं कुलूप? सोड, बघू तरी दे."

धाकट्याने पासवर्ड टाकला. पट्टी सरकली, लाल झाली. परवानगी नाही.

"बघ ना, मलाही नाही म्हणतंय!"

"नाटकं करतोस? मला शेंडी लावतोस? मला?" भडक्याने त्याचं डोकं टेबलावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली.

"थांब, दादा, तारीख..." धाकटा पडद्याच्या कोपऱ्याकडे हात करून म्हणाला.

"कसली तारीख? विषय बदलतोस?" तो लांबवलेला हातच भडक्याने पकडला, टेबलावर दाबून धरला आणि बापाचा हातोडा हाणला. एकदा. मग पुन्हा. बोटं मोडल्याचा आवाज वेल्डिंगच्या आवाजातही ऐकू आला. वेल्डर धावत मध्ये पडला, तर त्याला अशी डोक्याची ढुशी बसली की पुढचा दात जमिनीवर. शेवटी चौघा कामगारांनी मिळून भडक्याला दाबून धरलं तेव्हा कुठे धाकट्याला रिक्षात घालता आलं. तो ओरडतही नव्हता. हात छातीशी धरून नुसता दादाकडे बघत होता.

मग कामगारांनी बोलावलेली कॉम्प्युटर दुरुस्त करणारी ताई आली. आडव्या बांध्याची, खणखणीत आवाजाची बाई. टेबलावरचं रक्त तिने बघितलं, भडक्याच्या हातातला हातोडा बघितला.

"तो खाली ठेवा. नाहीतर ही मी चालले."

"आधी धाकट्याचं कुलूप काढ!"

"खाली. ठेवा."

भडक्याने ठेवला. का कोण जाणे, पण ठेवला.

बाईही सुरुवातीला त्याच लाल ओळीमागे धावली. तिने परवानग्या तपासल्या, नवं खातं उघडलं, व्हायरस अडवणारा प्रोग्राम बंद केला, सगळं काढून पुन्हा टाकलं. पट्टी सरकायची आणि लाल व्हायची. भडका मागे येरझारा घालत होता. "चोर आहे तो. लहानाचा मोठा केला मी त्याला, आणि हे पांग फेडले!" लाथ बसली ती पत्र्याच्या ढिगाला. बाई वैतागून ओरडली, "अहो, जरा डोकं चालवू द्या की! दहशतवाद्यासारखे काय फिरताय?" आणि डोळे चोळत ती खुर्चीत मागे टेकली. तेव्हा तिची नजर कोपऱ्यात गेली.

"अय्या! हा कॉम्प्युटर कुठल्या सालात बसलाय?"

तारीख इतकी मागची होती, की तेव्हा हे मशीन जन्मालाही आलं नव्हतं. बाईने ती नीट केली आणि पुन्हा बटण दाबलं. पट्टी शेवटपर्यंत हिरवीच राहिली. मशीनचं कापणारं टोक घरघरत जाग्यावर जाऊन थांबलं.

"कुलूप कुठंय?" भडक्याने विचारलं.

"कुलूप नव्हतंच. अपडेटवर आजचा शिक्का असतो. कॉम्प्युटरला वाटतंय अजून जुनं साल चालू आहे, मग त्याला तो शिक्का खोटा वाटतो आणि तो नाकारतो. आणि हे प्रोग्राम लिहिणारे आळशी मेले! काहीही बिघडलं तरी एकच वाक्य टाकून मोकळे, परवानगी नाही. तुमच्या भावाने काही केलेलं नाही."

तिने कॉम्प्युटरचा खोका उघडून नाण्याएवढी एक बॅटरी काढली. "ही मेलीय. लाइन बंद असताना घड्याळ हिच्यावर चालतं. पण इतक्या लवकर मरत नाही ही. तुम्ही रोज लाइन मुळातूनच तोडता का काय?"

वेल्डर तोंडाला फडका धरून उभा होता. त्याची नजर हळूच दाराजवळच्या बोर्डाकडे गेली. मग एकेक करत सगळ्यांची. शेवटी भडक्याची.

'तारीख.' धाकटा तेच म्हणत होता. हातोडा पडायच्या आधी.

भडका तसाच दवाखान्यात धावला. दारातच आई भेटली. तिने काही न विचारता त्याच्या तोंडात भडकावली, हात दुखेपर्यंत भडकावत राहिली, आणि एवढा धिप्पाड माणूस मान खाली घालून मार खात उभा राहिला. "तुझा बाप एकदाच जळला रे," आई म्हणाली, "तू आम्हाला रोज जाळतोस." आत काही तिने त्याला जाऊ दिलं नाही.

धाकटा घरी आला तो थेट सामान बांधायलाच. भरल्या पोटाची त्याची बायको गाडीत बसली, आईही तिच्या शेजारी जाऊन बसली. धाकटा एकटा वर्कशॉपमध्ये आला. उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले होते, दोन बोटं आता वाकायची नाहीत. त्याला बघून सगळी मशीनं एकेक करत थांबली.

"चुकलं माझं," भडका म्हणाला. जन्मात पहिल्यांदा म्हणाला. "मार मला. हा घे हातोडा, मार."

धाकट्याने हातोड्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, स्वतःचं नाव काढून टाकलं. तिथे दादाचं नाव घातलं.

"घे. सगळे हक्क तुझे. आता तुला कुणी नाही म्हणणार नाही."

आणि तो गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

भडका खुर्चीत बसला. मशीनवर कोरा पत्रा चढवलेला होता. पडद्यावर लाल काही नव्हतं. बटणंच बटणं होती, आणि त्यातलं कुठलं दाबायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. मग सवयीने मान वळवून हाक मारली, "धाकट्या, ए, इकडे ये जरा!"

वेल्डरने काच तोंडावर ओढली आणि तो खाली बघून कामाला लागला.