फुईच्या डोळ्याखालचा डाग

आधी दुरुस्ती. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की एका प्रसिद्ध शिल्पकाराने माझ्या फुईचं, म्हणजे आत्याचं, कोळशाने चित्र काढलं आणि त्यात ती रडते आहे. हे मी मोबाइलवरचा फोटो पाहून लिहिलं होतं. लेख फिरत फिरत सुरतेला, उधन्यातल्या तिच्या गल्लीत पोचला. बायका सांत्वनाला येऊ लागल्या, ‘सून छळते का?’ विचारू लागल्या. फुईच्या सुनेला, रूपालीवहिनीला, वाटलं, सासूनेच कुठेतरी गाऱ्हाणं केलं. तिने सासूशी बोलणं टाकलं.

मला पप्पांनी घरीच शिकवलं. जिथे चुकलो तिथे जाऊन चूक निस्तरायची, हा त्यांचा धडा. शनिवारी नंदुरबारहून गाडी धरली. चित्र बघायला जाणार असाल तर तुम्हीही सकाळचीच धरा. साधं तिकीट पुरतं, आणि बारडोलीपासून खिडकीत नुसता हिरवागार ऊस. चलथाणला साखर कारखान्याचा गोड वास डब्यात शिरला.

दार वहिनीने उघडलं. “आल्या लेखिकाबाई! या, कोण कोणाला छळतं ते नीट बघून घ्या.”

आत फुई साड्यांचे लोंबते धागे कापत बसली होती. मूळ चित्र बघू म्हणून दोघींना कसंबसं बाहेर काढलं. वाटेत गरम लोचो खाल्ला, वर तेल आणि शेव. वहिनीने दुसरी प्लेट मागितली. मला जरा धीर आला.

त्या शिल्पकाराच्या चित्रांचं प्रदर्शन सुरतेतच भरलं आहे, प्रवेश मोफत. चपला चालतात, फुईने तरी बाहेर काढल्या.

चित्र भलतंच मोठं होतं. गालफडं कागदातून बाहेर येतील अशी. मातीवर दाबावा तसा अंगठा कोळशावर दाबलेला. मी जो अश्रू समजले, तो त्या अंगठ्याचा डाग होता!

फुईने हात पुढे केला.

“बेन, हाथ नहीं लगाडवानो,” रखवालदार म्हणाला.

“अरे भाई, चहेरो तो मारोज छे!”

तो एकदा चित्राकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

“फुई, तू रडत नव्हतीस?”

“कसाले रडू वं मी? चित्र काढायचं समोरून, आणि हा बाबा घडीघडी उठून माझ्या अंबाड्यामागे जायचा! म्हटलं, साहेब, तिकडे तोंड नाही माझं. तर म्हणे, मूर्ती घडवणाऱ्याला मागचं पाहिल्याशिवाय पुढचं जमत नाही. हसू दाबता दाबता जीव गेला माझा.” आणि तिने ओठ दाबून दाखवले.

“हेच तोंड!” वहिनी सासूकडे बोट दाखवत ओरडली. “माझा पहिला मांडा खापरावर फाटला, तेव्हा मम्मींनी हेच तोंड केलं होतं!”

“फाटला कुठे? निम्मा चुलीत गेला होता,” फुई म्हणाली, आणि दोघी एकमेकींना धरून हसल्या. रखवालदारही हसला.

आता घरी आहे. डोळ्यांसमोर चित्रापेक्षा त्या दोघीच येतात. पण गल्लीने अजून मूळ चित्र पाहिलेलं नाही, आणि माझ्या लिहिण्यावर आता त्यांनी का विश्वास ठेवावा? वहिनीने रिक्षा सांगून ठेवल्यात, फुई चित्राशेजारी उभी राहून तेच तोंड करणार आहे. सांत्वनाला आलेल्या एकूण एक बाईला मी तिथे नेणार, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, येत्या रविवारी.